तरुणांना उपासनेत खरं काम दिलं तेव्हा: एका मंडळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मंडळी, म्हणजे एका चर्चमध्ये एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समाज, मध्यम आकाराची, जुनी, ठरलेल्या उपासनाक्रमाने चालणारी. पापकबुली, क्षमेचं वचन, शास्त्रपाठ, उपदेश, विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं), मध्यस्थीची प्रार्थना (इतरांसाठी देवाकडे मागणं), अर्पण, आशीर्वाद, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेणं. कुठल्या रविवारी बायबलमधला कुठला पाठ हे तीन वर्षांच्या चक्राने ठरतं, १९९२ मध्ये आलेली सामायिक पाठावली अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात, तीच इथेही. नावं, ठिकाण, संप्रदाय मुद्दाम काढलंय आणि ओळखू येतील असे एकदोन तपशील बदललेत. मी या मंडळीची सभासद नाही, उपासना समितीने मदतीला बोलावलं होतं म्हणून बैठकांना बसायचे, निर्णय त्यांचेच.

तरुणांसाठी यांच्याकडे काहीच नव्हतं असं अजिबात नाही. लहानांना संडे स्कूल, ते मुख्य उपासनेच्याच वेळी मागच्या हॉलमध्ये. मोठी झाली की दृढीकरणाचा वर्ग, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः कबूल करायचा त्या विधीची तयारी. आणि शनिवारी संध्याकाळी युवा सभा, गिटार, ड्रम, स्क्रीनवर शब्द, शेवटी खेळ. ती चालवणारी ताई प्रचंड मेहनती, पोरं तिच्यावर जीव टाकायची, हॉल भरलेला असायचा. त्यामुळे बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, वा, इथे तर तरुणांचं काम जोरात आहे.

अडचण नेमकी काय होती

रविवारी सकाळी मात्र तीच पोरं दिसायची नाहीत, आणि आली तरी मागच्या बाकावर, मोबाईल मांडीवर. दृढीकरण झालं की पुढच्या सणापर्यंत त्यातली बरीचशी गायब. वडीलमंडळाच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना वडील म्हणतात) बैठकीत हा विषय दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी "आजकालची पिढी" या दोन शब्दांवर संपायचा.

यावेळी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, एक वेगळी गोष्ट केली. दृढीकरणाच्या वर्गात कोरे कागद वाटले आणि सांगितलं, रविवारी उपासनेत काय काय होतं ते क्रमाने लिहा, आणि ते का होतं तेही लिहा. परीक्षा नाही, नाव घालू नका. एका कागदावर एवढंच होतं: "उभं राहणं, बसणं, उभं राहणं, बसणं, डोळे मिटणं, अर्पण, घरी." दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं की शनिवारी देवाशी बोलता येतं पण बँड नसला की काय बोलायचं तेच सुचत नाही.

हा दुसरा कागद जास्त महत्त्वाचा, असं माझं मत तेव्हाही होतं. कारण बँड कायमचा नसतोच. आजारपणात नसतो, रात्री दोनला नसतो, नापास झाल्यावर नसतो. मग त्या पोरांकडे कुठले शब्द होते? स्तोत्रं त्यांना येत नव्हती, प्रभूची प्रार्थना पाठ होती पण ती शाळेतल्या प्रतिज्ञेसारखी एका दमात म्हणून टाकायची सवय.

आणि याचं कारण शोधायला लांब जायला नको होतं. ही मुलं लहानपणी मागच्या हॉलमध्ये होती, मग वर्गात होती, मग शनिवारच्या सभेत होती. मुख्य उपासनेत, मोठ्यांच्या शेजारी, सलग अशी ती कधी बसलेलीच नव्हती! दृढीकरणानंतर अचानक त्यांनी तिथे यावं, आवडीने यावं, ही अपेक्षा आपली. संडे स्कूलची गोष्टच बघा, १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने ती चळवळ उभी केली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी, त्यांना रविवारचीच सुट्टी म्हणून त्या दिवशी वाचायला शिकवायचं. उपासनेच्या ऐवजी मुलांना दुसरीकडे बसवायचं हा त्यामागचा उद्देश नव्हता. ते पुढे सोयीसाठी होत गेलं आणि सोय कधी पद्धत झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कुठले पर्याय समोर होते

पहिला पर्याय सगळ्यात लोकप्रिय, रविवारची उपासनाच शनिवारसारखी करायची. ड्रम पुढे आणायचे, विश्वासांगीकार गाळायचा, उपदेश लहान. याला तरुण सोडून सगळ्यांचा पाठिंबा होता, हे गमतीशीर होतं. पोरांना विचारलं तर त्यातली काही म्हणाली की नको, शनिवारचं शनिवारीच बरं वाटतं, आणि एक जण तर म्हणाला की मोठी माणसं आमच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली की आम्हाला लाजल्यासारखं होतं. शिवाय तरुण फक्त मोठ्या आवाजाकडे येतात हे खरंही नाही. फ्रान्समधल्या तेझेला, जिथे ब्रदर रॉजर १९४० मध्ये येऊन राहिले आणि पुढे बंधुसमाज उभा राहिला, तिथे आजही जगभरातून तरुण जातात, आणि तिथल्या प्रार्थनेत छोटी छोटी गाणी पुन्हा पुन्हा म्हटली जातात आणि मधे बराच वेळ नुसती शांतता असते.

दुसरा, महिन्यातून एक "युवा रविवार". हा पूर्वी करून झाला होता. त्या दिवशी पोरं सगळं करायची, आईवडील मोबाईल काढून शूटिंग करायचे, शेवटी टाळ्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सगळं मोठ्यांकडे. उपासना ही कार्यक्रम आहे हेच त्यातून शिकवलं जात होतं असं पाळकांचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

तिसरा, दृढीकरणाचा वर्ग लांबवायचा. याला जुना आधार होता, सुरुवातीच्या मंडळीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षांपर्यंत शिक्षण चालत असे असा उल्लेख जुन्या मंडळीनियमांत सापडतो. पण त्या काळी शिकणारे रविवारी वचन ऐकायला मंडळीतच यायचे, फक्त प्रभुभोजनाआधी बाहेर पडायचे, हा भाग आपण विसरतो. नुसता वर्ग लांबवला तर नुसता वर्गच लांबणार.

चौथा, जो शेवटी घेतला, तो असा की तरुणांना नेहमीच्याच उपासनेत, दर रविवारी, खरं काम द्यायचं, एकेका मोठ्या माणसाबरोबर जोडी लावून, आणि त्या कामाची तयारी हाच वर्ग समजायचा. कॅथलिक मंडळीने १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सर्व विश्वासणाऱ्यांच्या पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागाची भाषा केली होती. ही मंडळी कॅथलिक नाही, पण समितीच्या टेबलावर ती ओळ बराच वेळ होती, आणि "जाणीवपूर्वक" या शब्दावरच गाडी अडायची, कारण नुसतं माईकवर उभं केलं म्हणजे सहभाग झाला असं होत नाही.

पाचवा पर्याय म्हणजे काहीच करायचं नाही, वय वाढलं की येतील परत. दोन वडील शेवटपर्यंत याच मताचे होते, आणि त्यांची स्वतःची मुलं खरोखर परत आलेली होती, त्यामुळे त्यांना खोडून काढणं सोपं नव्हतं.

काय केलं

सगळ्यात आधी संडे स्कूलची वेळ उपासनेच्या आधी आणली. यावर सगळ्यात जास्त भांडण झालं, ड्रमवर झालं नसतं एवढं. शिक्षकांना लवकर यावं लागणार, पालकांना तासभर शांत बसायला मिळत होतं ते जाणार, लहान मुलं रडणार. तडजोड अशी झाली की अगदी लहानांसाठी मागे एक कोपरा आणि बाकी सगळे आत.

मग जोड्या. शास्त्रवाचन, मध्यस्थीची प्रार्थना, प्रभुभोजनाच्या मेजाची मांडणी, दारावरचं स्वागत, साउंड. प्रत्येक कामाला एक मोठं माणूस आणि एक तरुण. सुरक्षिततेचे नियम आधीच लिहून काढले: पालकांची लेखी परवानगी, तयारी उघड्या हॉलमध्ये, बंद खोलीत मोठं माणूस आणि मूल असे दोघंच नाहीत, मेसेज फक्त ग्रुपवर आणि त्या ग्रुपवर आणखी दोन मोठी माणसं. काही वडिलांना हे अपमानास्पद वाटलं. तरी ते मागे घेतलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

तयारी गुरुवारी संध्याकाळी. वाचणाऱ्याने आपल्या उताऱ्याच्या आधीचं आणि नंतरचं वाचून यायचं, मग मोठ्याने वाचायचं, जोडीदार सगळ्यात मागच्या बाकावर बसून ऐकणार. पेंटेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दुसरा अध्याय एका मुलाकडे आला, त्यात ती नावांची रांग आहे ना, पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुल्या... तो म्हणाला, काका, ही नावं गाळू का, कुणाला कळणारे? त्याचे जोडीदार निवृत्त शिक्षक. ते काही बोलले नाहीत, नकाशा काढला आणि एकेक नाव त्यालाच शोधायला लावलं. पूर्वेकडच्या पार्थीपासून बोट रोमपर्यंत गेलं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, म्हणजे एवढ्या लांबलांबचे लोक, आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं? रविवारी त्याने ती नावं अशी सावकाश वाचली की लोकांनी मान वर करून ऐकलं. मला विचाराल तर दृढीकरणाच्या वर्गातले चार धडे त्या एका नकाशात झाले.

प्रभुभोजनाच्या बाबतीत क्रमच उलटा केला. पूर्वी आधी अर्थ शिकवायचे, मग घ्यायला बोलवायचे. आता मांडणी करणारी पोरं आधी हातांनी सगळं करणार, कापड अंथरणार, भाकर ठेवणार, प्याला भरणार, आणि मग गुरुवारी बसून काय पाहिलं, काय ऐकलं, कुठल्या क्षणी काय वाटलं त्यावर बोलायचं. यात नवीन काहीच नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी यरुशलेमला गेलेल्या एगेरिया नावाच्या बाईने लिहून ठेवलंय की बाप्तिस्मा झालेल्यांना त्या संस्कारांचा अर्थ बिशप नंतर, पुनरुत्थान सणाच्या आठवड्यात समजावून सांगायचे, आणि ऐकणारे इतके भारावून जायचे की त्यांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू यायचा. मांडणीवाल्यांना आणखी एक काम दिलं, पाळक आजारी सभासदांकडे प्रभुभोजन घेऊन जातात तेव्हा बरोबर जायचं. इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं जे वर्णन केलंय त्यातही जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (मंडळीचे सेवक) वाटा नेऊन देतात असं आहे. रविवारची भाकर मंगळवारी कुणाच्या तरी अंथरुणापाशी जाते हे पाहिल्यावर पोरांचे प्रश्नच बदलले.

ती प्रार्थना

खरा कस लागला तो मध्यस्थीच्या प्रार्थनेवर. अकरावीतली एक मुलगी आणि तिची जोडीदार निवृत्त नर्स, सगळे तिला मावशी म्हणतात. मुलीने गुरुवारी आणलेल्या कागदात होतं: जे घरात सगळं ठीक आहे असं दाखवतात त्यांच्यासाठी, ज्यांना सकाळी उठायचीच भीती वाटते त्यांच्यासाठी. मग एका मैत्रिणीचं नाव आणि तिच्या घरी काय चाललंय ते. आणि मग, "देवा, आम्ही खूपदा हाक मारली, तू ऐकतोयस की नाही तेच कळत नाही, तरी परत मारतोय."

शुक्रवारी मंडळीच्या सेक्रेटरींचा पाळकांना फोन. त्यांचा आक्षेप काही उथळ नव्हता. ते म्हणाले, उपदेश एका माणसाचा असतो, आवडला नाही तर मी मनात सोडून देतो, पण मध्यस्थीची प्रार्थना सगळ्यांच्या वतीने असते, शेवटी "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" असं आम्ही सगळे म्हणतो, म्हणजे एका मुलीची शंका तुम्ही सगळ्या मंडळीच्या तोंडी घालताय.

यावर शनिवारी घाईघाईने बैठक झाली. मार्ग चार होते. ओळ काढून टाकायची. तीच प्रार्थना मोठ्या माणसाने वाचायची. आठवडाभर पुढे ढकलायची. किंवा ठेवायची, पण आधाराने. पाळकांनी स्तोत्रसंहिता उघडली. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. तेरावं तर "किती काळ" असं विचारतच सुरू होतं, अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, आणि बावीसाव्याचे शब्द प्रभूने वधस्तंभावर घेतले. म्हणजे या शंका मंडळीच्या तोंडी आधीच आहेत, आपण त्या म्हणायचं सोडून दिलंय, असा त्यांचा मुद्दा. मग त्यांनी बायबलमधल्या शमुवेलाची, म्हणजे एली या म्हाताऱ्या याजकाच्या हाताखाली देवळात वाढलेल्या मुलाची, आठवण काढली, रात्री देवाने जे सांगितलं ते एलीच्याच घराविरुद्ध होतं, पोरगं सकाळी देवळाची दारं उघडतं पण सांगायला घाबरतं, आणि एली म्हणतो, माझ्यापासून काही लपवू नकोस. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे मी एली का?" सगळे हसले, तेही हसले, पण मत बदललं नाही. त्यांचा विरोध नोंदवून ठराव झाला.

ठरलं असं: प्रार्थनेच्या आधी तेरावं स्तोत्र सगळ्यांनी आळीपाळीने म्हणायचं, शंकेची ओळ राहील, मैत्रिणीचं नाव आणि घरचे तपशील जातील, कारण ते गुपित दुसऱ्याचं आहे. मुलगी नेमकी यावर चिडली. सेक्रेटरींवर नाही, यावर. म्हणाली, मग खरं काय उरलं त्यात? मावशी म्हणाली, देवाला नाव माहितीये, तू तिथे थांब आणि मनात घे, बाकीचेही आपापलं घेतील. म्हणून त्या जागी कागदावर पेनाने एक आडवी रेघ मारली, थांबण्यासाठी.

रविवारी ती घाबरून भराभर वाचत सुटली आणि रेघेवरून पुढे जाणार एवढ्यात शेजारी उभ्या मावशीने कागदावर तळहात ठेवला. ती थांबली. मंडळीला वाटलं माईक बंद पडला, साउंडवाला मुलगा उठलाही, मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. उपासनेनंतर एका कुटुंबाने पाळकांना गाठून नाराजी सांगितली, एका आजोबांनी कागदाची झेरॉक्स मागितली, बाकी बहुतेकांनी काहीच म्हटलं नाही.

पुढे काय झालं

सोमवारी मावशीने मुलीला विचारलं, सकाळी उठायची भीती कुणाला वाटते, तुला की मैत्रिणीला? उत्तर होतं, दोघींना. मग आईला विश्वासात घेऊन समुपदेशकाकडे नेलं, आता ती बरी आहे. मैत्रिणीच्या घरच्यांपर्यंत पोचायला मात्र वेळ लागला आणि त्याबद्दल इथे जास्त लिहिणं योग्य नाही.

हजेरीच्या हिशेबात फारसा फरक पडला नाही, हे सांगायलाच हवं. जोड्यांत असलेली पोरं नियमित येऊ लागली, नसलेली पूर्वीसारखीच. साउंडवाला मुलगा दर रविवारी येतो पण सगळी उपासना मिक्सरकडे बघत असतो, त्याला काय मिळालं ते मला खरंच कळलेलं नाही. शनिवारची सभा रोडावली आणि ताईला ते लागलं, सहा-सात वर्षं जे उभं केलं ते पोरांना चुकीचं वळण लावत होतं असंच जणू सगळे म्हणतायत असं तिला वाटलं. ती काही महिने दूर राहिली. परत आली ती गायनाची जबाबदारी घेऊन, आता स्तोत्रांना चाली लावते आणि त्या रविवारी गायल्या जातात.

ज्याची कुणी योजना केली नव्हती ती गोष्ट मोठ्यांमध्ये घडली. मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे ठरलेल्या पुस्तकातली दोन पानं वाचायची, असं चालत आलेलं. आता जोडीदार असलेल्या मोठ्यांनाही गुरुवारी स्वतः लिहून आणावं लागतं, आणि काहींना ते पोरांपेक्षा जड जातं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलीला विचारायला सोमवार उजाडायला नको होता. गुरुवारी कागद वाचल्याबरोबर सगळे मजकुराकडे वळले, ओळ योग्य की अयोग्य, आणि तीन दिवस एवढी चर्चा झाली पण लिहिणारी कशी आहे हे विचारायचं राहून गेलं. आता नियम आहे, असं काही आलं की आधी माणूस, मग मजकूर. आणि जोडी लावतानाच तरुणाला स्पष्ट सांगायचं की तू सांगितलेलं मी चारचौघांत बोलणार नाही, पण जिवाचा धोका वाटला तर गप्पही बसणार नाही.

ताईशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, वडीलमंडळाच्याही आधी. तिला निर्णय बैठकीत कळला. शनिवारी ती जे करत होती, म्हणजे पोरांना जवळ करणं, नावानिशी ओळखणं, त्याच्याशिवाय जोड्या लागल्याच नसत्या, कुठलं पोर कुणाबरोबर जमेल हे तिलाच माहीत होतं. दोन जोड्या मोडल्या त्या तिला न विचारता लावलेल्या होत्या.

संडे स्कूलची वेळ एकदम बदलण्याऐवजी आधी फक्त सणांना सगळ्यांना आत बसवून पाहता आलं असतं, असं काही शिक्षक अजून म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही, सण म्हणजे गर्दी आणि वेगळा क्रम, मुलांना साधा रविवारच कळायला हवा. पण दुखावलेल्या शिक्षकांपैकी एक जण परत आलेली नाही, हेही खरं.

सध्या अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या जोड्यांतली पोरं शिक्षणासाठी बाहेर जायला लागलीत, आणि नवीन ठिकाणी ती कुठल्या मंडळीत जातात, तिथे त्यांना कुणी काम देतं का, की पुन्हा मागचा बाक, हे पाहणारं कुणी नाही. पाळकांनी सुचवलंय की जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने तिथल्या पाळकांना एक पत्र पाठवायचं, हा चांगला वाचतो, ही प्रार्थना लिहिते, असं. सेक्रेटरींनी पत्राचा मसुदा करायचं कबूल केलंय, फक्त त्यांचं म्हणणं आहे की त्यात स्वभावाबद्दल काही नको, कामाबद्दलच लिहू. पुढच्या बैठकीत त्यावर बोलणं व्हायचंय.